हवामान अनुकूलनाचं संशोधन कामाला कसं येईल?

हवामान अनुकूलन म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची तयारी. त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संशोधन गटाने आपल्या प्रदेशातला पाऊस आणि उष्णता पुढच्या काही दशकांत कशी बदलेल याचा मोठा अभ्यास केला. शोधनिबंध छापून आले, कार्यशाळा झाली, अहवाल सगळ्या खात्यांना गेला. त्यानंतर मात्र नाल्यांच्या आराखड्यात, पाणीपुरवठ्याच्या नियोजनात किंवा आरोग्य खात्याच्या कामात त्याचा मागमूस दिसला नाही. गटातल्या एका तरुण संशोधिकेने विचारलं आहे: प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी हे संशोधन वापरावं यासाठी नेमकं काय करायला हवं?

माझं काम या दोन्हींच्या मधलं आहे. संशोधकांचे निष्कर्ष अभियंते, आरोग्य अधिकारी, आपत्ती व्यवस्थापनातले लोक यांच्यापर्यंत न्यायचे आणि त्यांच्या अडचणी संशोधकांपुढे मांडायच्या. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. संशोधन वापरलं जावं असं वाटत असेल तर त्याची सुरुवात एखाद्या निर्णयापासून व्हायला हवी. कोणता निर्णय, तो कोण घेतं, वर्षाच्या कोणत्या महिन्यात घेतं आणि कोणत्या कागदावर सही होते, ही चार उत्तरं हातात नसताना सुरू केलेला अभ्यास कितीही चांगला असला तरी वाचून बाजूला ठेवला जातो. मग अहवाल सोप्या भाषेत लिहिला, त्यात चित्रं घातली, त्याची चित्रफीत काढली तरी फारसा फरक पडत नाही.

पावसाळी नाल्याचं उदाहरण घेते, कारण तिथे हे अगदी स्वच्छ दिसतं. अभियंत्यासमोर एक रस्ता आणि त्याला मिळणारं काही हेक्टर पाणलोट असतं. सर्वांत लांबच्या टोकाचं पाणी नाल्याच्या तोंडाशी यायला किती वेळ लागतो हे तो आधी काढतो, समजा अर्धा तास. मग त्याला हवी असते ती एकच गोष्ट: दहा वर्षांतून सरासरी एकदा पडणारा अर्ध्या तासाचा पाऊस, मिलिमीटर प्रति तास या एककात. तो आकडा त्याच्याकडच्या पावसाच्या वक्रांमधून, म्हणजे किती वेळाचा पाऊस किती वर्षांतून एकदा किती तीव्र पडतो हे दाखवणाऱ्या आलेखांमधून निघतो. त्याला क्षेत्रफळाने आणि जमिनीवरून किती पाणी वाहून जाईल त्या गुणांकाने गुणलं की प्रवाह मिळतो आणि प्रवाहावरून पाइपचा व्यास ठरतो. हिशोब एका पानात संपतो.

आता या माणसाला तुमचा अहवाल सांगतो की शतकाच्या मध्यापर्यंत वार्षिक पर्जन्यमान बारा टक्क्यांनी वाढेल. त्याने हा आकडा कुठे टाकायचा? नाला वार्षिक पावसाने तुंबत नाही, अर्ध्या तासाच्या सरीने तुंबतो. वार्षिक पाऊस तेवढाच राहून लहान सरी कितीतरी तीव्र होऊ शकतात, एवढंच काय, वार्षिक पाऊस घटला तरी तसं होऊ शकतं. हवा एक अंश सेल्सियसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि कमी वेळाच्या सरींमध्ये वाढ याहूनही जास्त असू शकते. म्हणजे अभियंत्याला लागणारी माहिती तुमच्याच शास्त्रात आहे. अहवालात मात्र ती त्याच्या एककात, त्याच्या कालावधीसाठी आलेली नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती संशोधकांना मी आवर्जून दाखवते. पाइप ठरावीक व्यासातच मिळतात. ९०० मिलिमीटरच्या जागी १००० मिलिमीटरचा पाइप टाकला तर त्याच उतारावर वहनक्षमता सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते. आजचा प्रवाह ९०० च्या पाइपमध्ये जेमतेम बसत असेल, तर वाढ दहा टक्के होवो की पंचवीस, उत्तर एकच येतं: १००० चा पाइप. दहा आणि पंचवीस यांतला नेमका आकडा काढण्यासाठी वर्षभर हवामानाचं संगणकीय मॉडेल चालवण्याने इथे काहीच बदलत नाही. उलट आजचं डिझाइन अशा जागी असेल की तीस टक्क्यांना १००० पुरतो आणि पस्तीसला पुरत नाही, तर तिथे बारकाईने काम करायलाच हवं. निर्णय कुठल्या आकड्यावर पलटतो हे आधी शोधलं की संशोधनाची मेहनत कुठे लावायची ते कळतं. अनिश्चितता कमी करण्यावर खर्च होणारा बराच पैसा मला यासाठीच खटकतो. पलटण्याचा बिंदू कुणी विचारलेलाच नसतो.

हे काम कुणी केलेलं नाही असं मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात पूर आणि पावसाच्या डिझाइनसाठी देशभर वापरली जाणारी मार्गदर्शिका आहे. तिचं हवामान बदलाविषयीचं प्रकरण २०२४ मध्ये नव्याने आलं. त्याआधी तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे पावसाची तीव्रता पाच टक्के वाढवा, असा सरसकट नियम होता. नव्या प्रकरणात तासाभराच्या किंवा त्याहून कमी वेळाच्या पावसासाठी अंशामागे १५ टक्के आणि चोवीस तासांच्या किंवा त्याहून मोठ्या पावसासाठी ८ टक्के, असे मध्यवर्ती आकडे दिले आहेत, सोबत त्यांचा पल्लाही, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती हेही, दिला आहे. अनेक शोधनिबंधांचा एकत्र विचार करून काढलेली ही दोन टक्केवारी अभियंत्याच्या त्याच एका पानाच्या हिशोबात थेट बसते. इंग्लंडमध्येही पर्यावरण संस्था नदीच्या पुराच्या प्रवाहासाठी आणि पावसाच्या तीव्रतेसाठी हवामान बदलापोटी किती टक्के वाढ धरायची याचे तक्ते प्रसिद्ध करते आणि बांधकामाच्या परवानगीसाठी सादर होणाऱ्या पूर-अभ्यासात ते वापरावे लागतात. तिथल्या अभियंत्याला एकही शोधनिबंध वाचावा लागत नाही. संशोधन त्याच्या नियमात शिरलेलं असतं.

त्यामुळे माझा पहिला सल्ला: अहवाल कुणाला पाठवायचा हे ठरवण्याआधी कोणतं मानक, कोणता नमुना, कोणती तपासणी-यादी बदलायची ते ठरवा. एका अधिकाऱ्याला पटवलं तर त्याची बदली झाली की सगळं पुसलं जातं. मानक बदललं तर पुढचा अधिकारीही तेच वापरतो. मानकं बदलायला वेळ लागतो, समित्या असतात, त्यांच्या आवृत्तीचं वेळापत्रक असतं. ते वेळापत्रक माहीत करून घ्या आणि समितीत बसणाऱ्यांशी आवृत्ती सुरू होण्याआधी बोला. मसुदा छापून झाल्यावर तुमचा अहवाल पोचला तर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागेल.

अनिश्चिततेविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दोन्ही बाजूंचे गैरसमज इथेच साठलेले आहेत. संशोधकांना वाटतं की काम करणाऱ्यांना अनिश्चितता झेपत नाही, म्हणून त्यांना एकच आकडा द्यावा. काम करणाऱ्यांना वाटतं की हे लोक कधीच ठाम बोलत नाहीत. प्रत्यक्षात धरण चालवणारा अभियंता किंवा साथीच्या काळात निर्णय घेणारी डॉक्टर आयुष्यभर अनिश्चिततेतच काम करत असते. तिला पल्ला दिलेला चालतो. पल्ल्याचं काय करायचं ते सांगितलेलं नसतं, तिथे ती अडते.

लंडनच्या थेम्स खाडीच्या पूरसंरक्षणाचा आराखडा या बाबतीत मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. थेम्सवरचा फिरत्या दरवाजांचा मोठा बंधारा १९८२ पासून कामात आहे. समुद्राची पातळी या शतकात किती वाढेल याचं एकच उत्तर मिळणार नाही, हे मान्य करून २०१२ मध्ये तिथे २१०० सालापर्यंतचा आराखडा मंजूर झाला. त्यात साधारण ९० सेंटिमीटरची वाढ पायाभूत धरली, पण टोकाची शक्यता म्हणून २.७ मीटरपर्यंतचा विचारही केला. मग प्रश्न उलटा विचारला: पाणी किती वर आलं की आजची व्यवस्था पुरणार नाही? त्या वेळी कोणते पर्याय शिल्लक असतील? आणि तो पर्याय उभा करायला किती वर्षं लागतील, म्हणजे निर्णय किती आधी घ्यावा लागेल? अशा वाटा आखून झाल्यावर दहा निर्देशकांवर लक्ष ठेवायचं ठरलं आणि दर दहा वर्षांनी पूर्ण फेरआढावा घ्यायचं ठरलं. २०२३ मध्ये सुधारित आराखडा आला, तेव्हा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या भिंती उंच करण्याची मुदत २०६५ वरून २०५० वर आणली गेली. अंदाज बदलला तेव्हा आराखडा मोडीत निघाला नाही, त्यातली एक तारीख पंधरा वर्षं अलीकडे आली.

यातून संशोधकाने घ्यायचं ते असं. ‘२०७० मध्ये पातळी इतकी असेल’ या वाक्याऐवजी ‘तुमची भिंत अमुक पातळीपर्यंत पुरते, ती पातळी लवकरात लवकर या दशकात आणि उशिरात उशिरा त्या दशकात येईल’ हे वाक्य लिहा. दोन्हींमागचं गणित एकच आहे. पण दुसऱ्या वाक्यात निर्णय घेणाऱ्याची भिंत आहे, त्यामुळे ते त्याच्या बैठकीत वाचलं जाईल.

नकाशांबद्दलही सांगितलं पाहिजे. हवामानाची मॉडेलं प्रदेश चौकोनांच्या जाळीत विभागतात; जागतिक मॉडेलांचा एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो, प्रादेशिक मॉडेलांचा दहा ते पन्नास. त्यावरून संख्याशास्त्राने एक-एक किलोमीटरचा रंगीत नकाशा काढता येतो आणि तो दिसतोही देखणा. पण वॉर्डावॉर्डांतला जो फरक त्यात दिसतो तो बऱ्याचदा मॉडेलने सांगितलेला नसतो, तो आपण टाकलेला असतो. काम करणारा माणूस नकाशावर विश्वास ठेवतो. आपल्या वॉर्डाचा रंग बघून तो पैसा इकडचा तिकडे करतो. हे नकाशे देताना त्यांतला कोणता बारकावा खरा आणि कोणता नाही, हे त्याच पानावर लिहिणं ही संशोधकाची नैतिक जबाबदारी आहे, असं मी मानते. तळटीप कुणी वाचत नाही.

उष्णतेचं काम नाल्यांपेक्षा वेगळं आहे. तिथे मानकांहून जास्त महत्त्व आहे ते कुणी कुणाला कळवायचं याला. मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांवर गेलं आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि बाहेरचे संशोधक एकत्र बसले आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. त्यात ४१, ४३ आणि ४५ अंशांच्या आसपास पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशाऱ्याचे टप्पे ठरले. हे टप्पे त्याच शहरातल्या मृत्यूच्या नोंदी आणि तापमान एकमेकांशेजारी ठेवून निघाले होते. त्यामुळे ते शहराने आपले मानले. टप्पा ओलांडला की कोणत्या खात्याने काय करायचं, पाण्याची सोय, रुग्णालयांची तयारी, लोकांना संदेश, हेही लिहिलेलं होतं आणि एक समन्वय अधिकारी नेमलेला होता. पुढे झालेल्या अभ्यासात आराखड्यानंतरच्या काळात वर्षाला सरासरी ११०० च्या वर मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला.

याच शहरातली एक लहान गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. एका रुग्णालयात नवजात बाळांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की पारा ४२ अंशांच्या वर गेला की उष्णतेमुळे आजारी पडून अतिदक्षता विभागात येणाऱ्या बाळांची संख्या वाढते. बाळंतिणींचा वॉर्ड इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या छताखाली. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर अशी बाळं दाखल होण्याचं प्रमाण कमी झालं. या निष्कर्षासाठी कोणतंही हवामान मॉडेल लागलं नाही. रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदवह्या, रोजचं तापमान आणि इमारत डोळ्यांनी पाहणारं कुणीतरी, एवढंच लागलं. अनुकूलनाचं संशोधन म्हणजे २०८० सालचे नकाशेच, असं ज्यांना वाटतं त्यांनी या वॉर्डाचा विचार करावा. आजच्या हवामानाने आज होणारं नुकसान नीट मोजणं हाही याच विषयाचा गाभा आहे, आणि काम करणाऱ्यांशी नातं जोडायला त्याच्याइतकी चांगली सुरुवात नाही.

नात्याचा विषय निघालाच आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांच्या एका गटाने मांडलं होतं की ज्ञान कृतीत उतरायचं तर ते विश्वासार्ह हवं, निर्णयाच्या दृष्टीने समर्पक हवं आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांना ते न्याय्य मार्गाने आलेलं वाटायला हवं. पहिल्या दोन गोष्टींवर बरंच बोललं जातं. तिसरी राहून जाते. ईशान्य ब्राझीलमधल्या सिआरा राज्यात १९९० च्या दशकात हंगामी पावसाचा अंदाज आणि सरकारी बियाण्यांचं वाटप एकमेकांशी जोडलं गेलं. शास्त्र तसं चांगलं होतं. पण लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा झाला की कधी पेरायचं हे आता त्याच्या हातात राहिलं नाही, पाऊस झाला असं त्याला वाटलं तरी बियाणं सुटेलच असं नाही. राग सरकारवर होता, तो अंदाजावर निघाला. अंदाजाची अचूकता वाढवून हा राग गेला नसता. अंदाज चुकला तर नुकसान कुणाचं आणि ठरवण्याचा हक्क कुणाचा, हे आधी त्या लोकांबरोबर बसून बोलायला हवं होतं.

म्हणून संशोधनाचा प्रस्ताव लिहितानाच, प्रश्न ठरायच्या आधी, काम करणाऱ्यांना बोलवा. आणि त्यांच्या वेळेचे पैसे प्रस्तावात धरा. खात्यातल्या माणसाचा, गावातल्या कार्यकर्तीचा दिवस फुकट गृहीत धरणारे प्रकल्प मला मनापासून चुकीचे वाटतात. संशोधकांचा पगार अंदाजपत्रकात असतो, मग ज्यांच्या ज्ञानावर अर्धा अभ्यास उभा राहतो त्यांच्यासाठी फक्त चहापाणी का?

आपत्तीच्या आधीच्या कामात एक चांगली पद्धत रुजते आहे, तिचाही उल्लेख करते. पूर येण्याआधी, अंदाजाने ठरलेला टप्पा ओलांडला की मदत आपोआप सुटते. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पुराचा कळस येण्याआधीच सुमारे ५२ लाख डॉलर दिले गेले आणि अनेक कुटुंबांच्या हातात पाणी चढायच्या आत रोख रक्कम पडली. ज्यांना ती मिळाली त्यांच्यावर पुराच्या काळात दिवसभर उपाशी राहण्याची वेळ कमी आली, असं नंतरच्या पाहणीत दिसलं. हे जमलं कारण टप्पा, रक्कम आणि जबाबदारी शांत काळात ठरून गेली होती. पाणी चढत असताना अंदाजाची अचूकता किती यावर वाद घालायला वेळच नव्हता. नदीचा अंदाज देणाऱ्या शास्त्रज्ञाचं काम इथे ‘किती दिवस आधी, किती खात्रीने’ एवढंच सांगण्याचं होतं, आणि फुकट गेलेली मदत परवडेल का हे ठरवण्याचं काम पैसा देणाऱ्यांचं. ही विभागणी स्पष्ट असली की दोघांचंही ओझं हलकं होतं.

संशोधनाची मोठी उणीव मात्र अजून वेगळ्याच ठिकाणी आहे. धोका किती वाढेल यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. उपाय केल्यावर धोका खरंच कमी झाला का, यावर लिहिणारे फार थोडे. २०२१ मध्ये जगभरातल्या अनुकूलनावरच्या १,६८२ शोधनिबंधांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला आणि जोखीम प्रत्यक्ष घटल्याचा पुरावा त्यात नगण्य निघाला. काम करणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न नेमका हाच असतो: दुसरीकडे हे केलं तेव्हा काय झालं, खर्च किती आला, पाच वर्षांनी देखभाल कोण करतंय? बांधलेली भिंत शेजारच्या वस्तीत पाणी ढकलते आहे का? याची उत्तरं गोळा करायला कठीण, छापायला अवघड आणि बढतीसाठी फारशी उपयोगाची नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही तरुण संशोधकांनी यात उतरावं असं मला कळकळीने वाटतं. न चाललेल्या उपायाचा प्रामाणिक अभ्यास दहा नव्या भाकितांपेक्षा खात्याला जास्त वाचवतो.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी पटकन सांगते. दोन पानी टिपण द्या आणि सोबत उघडून बदलता येईल असा तक्ता द्या, पीडीएफमधला तक्ता कुणी परत टाइप करत नाही. खात्याचं अंदाजपत्रक ज्या महिन्यात बनतं त्याच्या दोन-तीन महिने आधी भेटा. एकट्या वरिष्ठाला गाठू नका, त्याच्या हाताखाली हिशोब करणाऱ्याला गाठा, तो पुढची वीस वर्षं तिथे असेल. हरितगृह वायूंचं उत्सर्जन सर्वांत जास्त झालं तर काय, एवढी एकच टोकाची शक्यता दाखवून धक्का देऊ नका, जग दीड, दोन, तीन अंशांनी तापलं तर काय, असं मांडलं की ते समजायलाही सोपं आणि जुनंही लवकर होत नाही. आणि प्रकल्प संपल्यावर फोन उचलणारं कुणीतरी ठेवा. प्रश्न तेव्हाच येतात, जेव्हा कुणीतरी खरंच वापरायला बसतं.

आता तुमच्या हातात असलेल्या अभ्यासाबद्दल. तो वाया गेलेला नाही. तुमच्याकडे तासागणिक पावसाच्या नोंदी असतील तर नाल्यांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात जा आणि गेल्या वर्षी मंजूर झालेलं एखादं डिझाइन मागा. ज्याने ते केलं त्याच्या शेजारी बसून तोच हिशोब तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा. पाइपचा व्यास बदलतो का, बदलत असेल तर किती वाढीला बदलतो, आणि खर्चात किती फरक पडतो, एवढंच त्याच्याबरोबर लिहून काढा. ते पान दोघांच्या नावाने वर पाठवा. तासागणिक नोंदी नसतील, फक्त रोजचा पाऊस असेल, तर नाल्यांच्या मागे लागू नका, त्या माहितीतून ते उत्तर नीट निघणार नाही. त्याऐवजी रोजचं तापमान घ्या, आरोग्य खात्याकडे मृत्यूच्या तारीखवार नोंदी मागा, नावं वगळून, आणि उन्हाळा सुरू होण्याच्या चार महिने आधी दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघा.